इओसेपा

हवाई बेटांचें नांव काढलें म्हणजे आपल्याकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें निळाशार समुद्र, माडांची रांग आणि गळ्यांत फुलांच्या माळा घातलेले प्रवासी उभे राहतात. हें चित्र खोटें नाहीं, पण त्यांत तेथील माणूस कोठेंच नाहीं. आमचे चिरंजीव होनोलुलू येथें नोकरीस असल्यामुळें आम्हां उभयतांस त्या बेटांत दोन महिने राहण्याचा योग आला. प्रवासी लोक जें पाहतात तें आम्हींही पाहिलें. त्याचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत, आणि तीं आमच्या हातून होतील त्यापेक्षां चांगलीं आहेत. वाचकांपुढें आज ठेवावयाची आहे ती निराळीच हकीकत. ती माउई नांवाच्या बेटाची आणि तेथें १८५४ सालीं येऊन पडलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाची आहे.

होनोलुलू शहरांत मोटारबसमधून जातांना आम्हांला वरचेवर तरुणांच्या जोड्या दिसत. वय अठरा-एकोणीस, पांढरा स्वच्छ सदरा, गळ्यांत टाय, छातीवर काळी पाटी आणि तीवर आडनांवापुढें ‘एल्डर’ म्हणजे ‘वडील’ ही पदवी! मिसरूड न फुटलेल्या पोरांना ‘वडील’ म्हणावयाचें, याचें सौ.ला फार हंसूं येई. हे मॉर्मन पंथाचे उपदेशक होत. एके दिवशीं त्यांतील एक आमच्या शेजारीं येऊन बसला, दुसरा पुढच्या बांकावर. त्यानें धर्माचा विषय काढण्यापूर्वींच आम्हीं त्याला जेवणाखाण्याचें विचारलें. मास्तरकीची जुनी संवय, दुसरें काय! पोरगा आयडाहो प्रांतांतील बटाट्याचें शेत करणाऱ्या घरांतला होता. होनोलुलूस येऊन त्याला नऊच दिवस झाले होते. त्यापूर्वीं तो दुसऱ्या एका बेटावर होता. तेथें कोणाच्या दारांत कुत्रें चावतें आणि कोणाच्या दारांत पाणी विचारतात हें नुकतें कळूं लागलें होतें, तोंच बदलीचा हुकूम आला. असे हुकूम साधारणतः दर सहा आठवड्यांनीं सुटतात. गांव बदलतो, पुष्कळदां सोबतीही बदलतो. आणि सोबत्याला तर क्षणभरही सोडावयाचें नाहीं असा दंडक! मुलगे दोन वर्षें आणि मुली दीड वर्ष हें काम करतात, पगार नाहीं, खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. २०१२ सालापासून मुलांना अठराव्या वर्षींच निघतां येतें. घरीं फोन करण्याची परवानगी पूर्वीं वर्षांतून दोनदांच असे, नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून ती दर आठवड्याची झाली. नव्या जागीं सर्वांत अवघड काय वाटतें, असें आम्हीं विचारलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, सकाळीं डोळे उघडले कीं आपण कोठें आहोंत हें आठवावयास वेळ लागतो. उतरतांना त्यानें सांगितलें कीं, आमच्यापूर्वीं येथें एक आला होता, तो पंधरा वर्षांचा होता आणि त्याला फोन नव्हता. तो म्हणजे इओसेपा.

त्याचें मूळ नांव जोसेफ एफ. स्मिथ. ज्या जोसेफ स्मिथनें १८३० सालीं न्यूयॉर्क प्रांतांत हा पंथ स्थापिला, त्याचा हा पुतण्या. १८४४ सालच्या जून महिन्यांत इलिनॉय प्रांतांतील कार्थेज येथील तुरुंगांत जमावानें संस्थापकाला आणि त्याचा भाऊ हायरम याला ठार केलें. हा हायरम म्हणजे आपल्या कथेंतील मुलाचा बाप. मूल तेव्हां पांच वर्षांचें होतें. पुढें १८४८ सालीं विधवा आईबरोबर बैलांच्या गाड्या हांकीत तें रॉकी पर्वताकडे साल्ट लेकच्या खोऱ्यांत आलें. १८५२ सालीं आईही गेली. मागें राहिलीं तीं हीं तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याची धाकटी बहीण मार्था.

यापुढची गोष्ट आम्हां शिक्षकांनीं लिहावी कीं लिहूं नये असा प्रश्न आहे. शाळेंत मास्तरांनीं मार्थेला शिक्षा करण्यासाठीं चामड्याचा पट्टा काढला. भाऊ उठून म्हणाला, तिला मारूं नका. मास्तर त्याच्याकडे वळले, आणि त्यानें मास्तरांनाच यथास्थित चोप दिला. पुढें म्हातारपणीं तो हें मोठ्या समाधानानें सांगत असे. आम्ही छत्तीस वर्षें वर्ग सांभाळला आहे, तेव्हां आमची सहानुभूति कोणत्या बाजूला जावी हें उघड आहे. तरीपण त्या पट्ट्याचें समर्थन आमच्यानें होत नाहीं. एवढें खरें कीं त्या मुलाची शाळा संपली. एप्रिल १८५४ च्या सभेंत हवाईस जाणाऱ्या उपदेशकांच्या यादींत त्याचें नांव वाचलें गेलें. आईबाप नाहींत, शाळा नाहीं आणि राग अनावर. वडीलधाऱ्यांनीं त्याला दूर धाडण्याचें ठरविलें, यांत धर्मकार्य किती आणि एका दांडग्या मुलाची सोय किती हें त्यांचें तेच जाणत. आपल्याकडेही अशा मुलाला मामाकडे नाहींतर गुरुगृहीं धाडीत असत. पण मामाचा गांव तीन हजार मैलांवर नसे.

वाटखर्चासाठीं त्यानें कॅलिफोर्नियांत छपराच्या लांकडी कौलांच्या कारखान्यांत मजुरी केली. ८ सप्टेंबरला सॅन फ्रॅन्सिस्कोहून ‘व्हॅकेरो’ नांवाचें जहाज निघालें, तें २७ सप्टेंबरला होनोलुलूस लागलें. तेथून त्याची रवानगी माउई बेटावर झाली, आणि लवकरच हालेआकाला पर्वताच्या उतारावरील कूला या भागांत, भाषा शिकण्यासाठीं म्हणून, त्याला देशी लोकांत एकटा ठेवण्यांत आलें.

हालेआकाला हा दहा हजार फूट उंचीचा ज्वालामुखी आहे. आम्ही गेलों तेव्हां समुद्रकिनारीं अंगाची लाही होत होती, आणि कूलाकडे चढूं लागतांच सौ.नें शाल मागितली. मोकळा उतार, मधून मधून गवताचीं कुरणें, खालीं दोन्ही बाजूंना समुद्र. कॅलिफोर्नियांत सोन्याची झुंबड उडाली तेव्हां येथील लोक बटाटे पिकवून तिकडे पाठवीत. त्या उतारावर उभें राहून आम्हीं मनाशीं हिशेब केला, तो असा कीं या मुलाला येथें आपल्या भाषेंत बोलणारें माणूस भेटावयाचें तर अर्धाअर्धा दिवस चालावें लागत असेल.

आतां हा कोणत्या लोकांत आला होता तें पाहिलें पाहिजे, कारण ‘रानटी लोकांना शिकवावयास गेलेला गोरा’ असें चित्र वाचकांच्या मनांत उभें राहिलें तर तें साफ चुकीचें होईल. १८२० पासून दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे लोक तेथें येऊन बसले होते. लाहाइना गांवाच्या वर डोंगरावर लाहाइनालुना नांवाचें विद्यालय १८३१ सालीं निघालें, तेथील छापखान्यांतून १८३४ सालीं हवाईयन भाषेंतलें पहिलें वर्तमानपत्र बाहेर पडलें. तेथील सामान्य शेतकऱ्यालाही आपली भाषा वाचतां येत होती. म्हणजे शाळा सोडलेला हा मुलगा पढलेल्या लोकांना उपदेश करावयास आला होता! उलट त्या लोकांची स्थिति मोठी शोचनीय होती. १७७८ सालीं कॅप्टन कुक आला तेव्हां लाखांनीं मोजावी अशी जी प्रजा होती, ती परक्या रोगांनीं झिजून १८५३ सालच्या शिरगणतींत सुमारें त्र्याहत्तर हजारांवर आली, आणि त्याच वर्षीं देवीच्या सांथीनें आणखी हजारों माणसें नेलीं. असें कोणतेंही घर नसेल कीं ज्यांतून कोणी गेलें नाहीं. त्या घरांनीं या पोरक्याला जागा दिली.

भाषेचें सांगण्यापूर्वीं आमचा एक दोष वाचकांनीं सांभाळून घ्यावा: व्याकरण निघालें कीं आम्हांला थांबवत नाहीं. हवाईयन लिपींत त्या वेळीं बाराच अक्षरें मानीत, पांच स्वर आणि सात व्यंजनें. जोडाक्षर नाहीं, आणि प्रत्येक शब्दाचा शेवट स्वरांत. म्हणून ‘जोसेफ’चा ‘इओसेपा’ झाला. (‘स’ हा वर्ण त्या भाषेंत मुळीं नाहीं, बायबलांतील नांवांपुरता तो चालवून घेतला आहे.) ऐकावयास गोड, पण शिकावयास सोपी नव्हे. त्या भाषेंत संस्कृताप्रमाणें द्विवचन आहे. ‘आवाम्’ आणि ‘वयम्’ यांतील भेद तेथें जिवंत, रोजच्या बोलण्यांत आहे. शिवाय आपल्या मराठींत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा जो भेद आहे, ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा आणि आंत घेणारा, तोही तेथें आहे. संस्कृतांत एक आहे तर दुसरा नाहीं, मराठींत दुसरा आहे तर पहिला नाहीं, हवाईयनांत दोन्ही. ‘काउआ’ म्हणजे तूं आणि मी दोघे. ‘माउआ’ म्हणजे मी आणि तो, तूं नव्हेस. ‘काकोउ’ म्हणजे आपण सर्व. ‘माकोउ’ म्हणजे आम्ही, तुम्ही नव्हे. इंग्रज मुलाजवळ या चोहोंसाठीं एकच शब्द. देवाची प्रार्थना करतांना ‘माकोउ’ म्हणावयाचें, कारण देव कांहीं स्वतःचें लेंकरूं नव्हे. आणि शेजाऱ्याला जेवावयास बसूं या म्हणतांना ‘काकोउ’. यांत गफलत झाली तर देवाचा अपमान होतो, नाहींतर यजमानाचा. सुमारें शंभर दिवसांत तो मुलगा भाषा बोलूं लागला, असें त्याच्या चरित्रांत सांगतात. त्याचे अनुयायी यास दैवी देणगी म्हणतात. असेल, पण ज्याला इंग्रजी बोलावयास कोणीच नाहीं आणि भूक मात्र रोज लागते, त्याला शंभर दिवस पुष्कळ झाले असें आमचें मत आहे.

भुकेवरून अन्नाकडे येऊं. तेथील मुख्य अन्न ‘पोई’. तें ज्या ‘कालो’ नांवाच्या कंदाचें करतात, तो कंद आम्हीं बाजारांत पाहिला आणि दोघेही एकदम ओरडलों—अहो, हें तर अळू! जात तीच. आपण पानांचें फतफतें करतों, वड्या करतों आणि कंद त्या मानानें कमी खातों. ते लोक कंदावर जगत. कच्चें खाल्लें तर घसा खाजतो म्हणून आपण चिंच घालतों, ते कित्येक तास वाफवितात. मग लांकडी पाटावर दगडी बत्त्यानें कुटून, पाणी घालून, करड्या-जांभळ्या रंगाचा लगदा करतात, आणि तो दोन दिवस राहूं देतात म्हणजे आंबतो. एका मोठ्या भांड्यांत सर्वांनीं बोटें घालून खावयाचें. त्यांच्या पुराणांत कालो हा मनुष्याचा थोरला भाऊ आहे, म्हणून पोईचें भांडें उघडें असतां कोणी भांडूं नये असा नियम. फार चांगला नियम आहे, आणि आपल्या पंक्तींतही तो चालू व्हावा.

इओसेपाच्या आधीं चार वर्षें, १८५० च्या डिसेंबरांत, जॉर्ज कॅनन नांवाचा तेवीस वर्षांचा मॉर्मन उपदेशक या बेटांत आला होता. तो छापखान्यांतला माणूस. पोईचा वास घेतांच त्याला पुस्तकबांधणीच्या जुन्या, आंबून कुजलेल्या खळीचें भांडें आठवलें, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. शेवटीं त्यानें देवाजवळ मागितलें तें हेंच कीं, हें अन्न मला गोड लागूं दे. आणि पुढें तें लागलें. त्याच्याबरोबर आलेल्या दहांपैकीं निम्मे, गोरे लोक ऐकत नाहींत आणि काळ्यांची भाषा येत नाहीं म्हणून, लवकरच परत गेले. कॅनन राहिला, वाइलुकू गांवच्या जोनाथन नापेला नांवाच्या लाहाइनालुनांत शिकलेल्या देशी न्यायाधीशाच्या साह्यानें त्यानें आपल्या पंथाच्या ग्रंथाचें हवाईयनांत भाषांतर केलें, आणि तें १८५५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोस छापलें गेलें. नापेलाविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. त्याच्या पत्नीला महारोग झाला, कायद्यानें तिला मोलोकाई बेटावरील कालाउपापाच्या वसाहतींत धाडलें, तेव्हां स्वतः निरोगी असतांना तो तिच्यामागून गेला, आणि १८७९ सालीं तेथेंच वारला. उपदेशकांच्या चरित्रांत त्याचें नांव मदतनीस म्हणून येतें. आमच्या मतें त्या सर्वांत मोठा माणूस तोच.

आमचे वडील पुण्यास वार लावून जेवीत आणि शिकत. सोमवारीं ज्या घरीं जावयाचें त्या घरीं ताक आंबट असे आणि तें मुकाट्यानें प्यावें लागे, हें ते आम्हांस सांगत. पण त्याहून अवघड काय, तर पानावर बसल्यावर आपण या घरचे नव्हे हें कोणी न बोलतां कळणें. इओसेपाचें वाचतांना आम्हांला तें वारंवार आठवलें. मात्र वार लावणारा मुलगा विद्या घ्यावयास जाई. हा देण्यासाठीं आला होता, आणि हातांत घेण्याखेरीज कांहीं नव्हतें.

तो तापानें पडला. जवळ आपलें म्हणावें असें कोणी नाहीं. मा मानुहीई नांवाच्या एका हवाईयन बाईनें त्याला आपल्या घरांत घेतलें आणि पोटच्या पोराप्रमाणें त्याची शुश्रूषा केली. तो बरा झाला, चालूं लागला, बोलूं लागला, आणि सोळा वर्षांचा होऊन थोडे महिने लोटतात तोंच माउई बेटाचें सगळें काम त्याच्या अंगावर पडलें. पुढें हिलो, कोहाला, मोलोकाई असा तो पायीं आणि होडीनें हिंडला. एकदां घराला आग लागून त्याची पेटी जळाली, तींत कपडे आणि रोजनिशाही गेल्या. त्यानंतर कांहीं दिवस दोघां सोबत्यांत एकच पोषाख होता, एकजण तो घालून सभेला जाई तेव्हां दुसरा अंथरुणांत पडून राही, असें सांगतात. त्या दिवसांत आपल्याला पडलेलें एक स्वप्न तो पुढें आयुष्यभर सांगे: लांबच्या प्रवासांत आपण घाईघाईनें चाललों आहों, वाटेंत स्नान करून स्वच्छ वस्त्रें नेसलों, आणि मोठ्या घराच्या दारांत मारला गेलेला चुलता भेटून म्हणाला कीं तूं उशीरा आलास. मुलानें उत्तर दिलें कीं हो, पण मी स्वच्छ आहें. फाटक्या, मळक्या कपड्यांतल्या मुलाला असेंच स्वप्न पडावयाचें. बहिणीला मात्र तो पत्रें लिही. त्या भावाबहिणींचा पत्रव्यवहार पुढें साठ वर्षांच्या वर चालला, आणि आतां तो ग्रंथरूपानें छापलेला आहे.

आतां आमचें मत. परधर्मांत माणसें ओढण्याच्या उद्योगाविषयीं आम्हांला प्रेम नाहीं, आणि या मासिकाच्या वाचकांनाही तें नसावें. या पंथाचे लोक आपल्याकडेही येऊन गेले. १८५२ सालीं ह्यू फिंडले नांवाचा स्कॉच मॉर्मन मुंबईस उतरला, तेथून पुण्यास गेला. पण देशी लोकांत त्याचा निभाव लागला नाहीं, आणि १८५६ च्या सुमारास हिंदुस्थानांतील ती सगळी मोहीमच गुंडाळली गेली. त्यांच्या त्या काळच्या बहुपत्नीत्वाच्या चालीविषयीं तर बोलावयासच नको; इओसेपानेंही ती पाळली, आणि अमेरिकन सरकारचा पाठलाग चुकविण्यासाठीं १८८५ ते १८८७ पर्यंत तो पुन्हा याच बेटांत, ओआहूवरील लाइए गांवीं, लपून राहिला. तरी पंधरा वर्षांच्या मुलाला असा फेंकून द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न धर्माहून निराळा आहे. आमच्या वर्गांतून त्या वयाचीं शेंकडों मुलें गेलीं. त्यांतील फार झालीं तर चार-पांच अशा प्रसंगांतून निभावून निघालीं असतीं, आणि तींही कोणी मानुहीई भेटली असती तरच. पाठविणाऱ्यांनीं हिशेबांत तिला धरलें नव्हतें.

लाहाइना गांवीं आम्ही गेलों तेव्हां गांव राहिलें नव्हतें. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं वाऱ्यानें भडकलेल्या वणव्यानें तें जाळून टाकलें, शंभरावर माणसें गेलीं. कुंपणें, मोकळे चौथरे, कोठें कोठें नवीं घरें उभीं राहत असलेलीं. डोंगरावरचें विद्यालय मात्र वांचलें. आणि चौकांतला वड. हा वड हिंदुस्थानांतून आणलेल्या रोपाचा. १८७३ सालच्या एप्रिलांत तो लावला, तेव्हां तें आठ फुटांचें झाड होतें. पुढें पारंब्या टेकून त्यानें सारा चौक व्यापला. वणव्यांत होरपळून तो मेला असें वाटलें होतें, पण कांहीं आठवड्यांतच त्याला पालवी फुटली. सौ.नें त्याला लांबूनच नमस्कार केला. जवळ जावयास बंदी होती आणि सूत बरोबर नव्हतें.

१८५७ सालच्या ऑक्टोबरांत इओसेपा परत निघाला. पण त्याचें नांव त्या लोकांनीं सोडलें नाहीं. १८८९ सालीं मॉर्मन झालेले हवाईयन लोक युटा प्रांतांत, साल्ट लेकच्या नैर्ऋत्येस स्कल व्हॅलींत, वसाहत करून राहिले आणि तिचें नांव त्यांनीं ‘इओसेपा’ ठेविलें. आतां बाजू उलटली. समुद्राचीं माणसें ओसाड वाळवंटांत आलीं; हिवाळ्यांत बर्फ, उन्हाळ्यांत धूळ, आणि कालो कोठून उगवणार! तरी त्यांनीं झाडें लाविलीं, कालवे आणले, रस्ते आंखले. लाइए येथें त्यांच्या पंथाचें मोठें मंदिर बांधण्याचें ठरलें तेव्हां तीं बहुतेक कुटुंबें परत गेलीं, आणि १९१७ सालीं गांव उठलें. आज तेथें एक स्मशान आहे, थडग्यांवर हवाईयन नांवें आहेत, आणि वर्षांतून एकदां वंशज जमून तेथें रात्रभर गातात, जेवतात.

तो मुलगा १९०१ सालीं आपल्या पंथाचा अध्यक्ष झाला आणि १९१८ सालीं वारला. अध्यक्ष असतां तो पुनः होनोलुलूस आला, त्या वेळची हकीकत त्याचा सहप्रवासी चार्ल्स निब्ली यानें लिहून ठेविली आहे. धक्क्यावर फुलांच्या माळा घेऊन लोकांची गर्दी लोटली होती. इतक्यांत नव्वदीच्या घरांतील एका आंधळ्या, वांकलेल्या बाईला हाताला धरून कोणी आणलें. ती ‘इओसेपा, इओसेपा’ अशी हांक मारीत होती. लांब पांढऱ्या दाढीचा तो म्हातारा गर्दींतून धांवत गेला, तिला कवटाळून मुलासारखा ‘मामा, मामा’ म्हणूं लागला, आणि मग निब्लीकडे वळून डोळे पुसत त्यानें सांगितलें कीं, मी आजारी होतों आणि माझें कोणी नव्हतें तेव्हां हिनें मला घरांत घेतलें. तिनें त्याच्यासाठीं निवडून थोडीं केळीं आणलीं होतीं.